गोळी घशाखाली उतरेपर्यंत

जव्हार तालुक्यातल्या एका पाड्यावर आशाताईंची सकाळची पहिली फेरी टीबीच्या रुग्णांकडे असते. भाकरी तव्यावर पडायच्या आत पोचायचं, कारण गोळ्या उपाशीपोटी जास्त लागू पडतात. वजन ३५ ते ४९ किलो असेल तर रोज तीन गोळ्या. पहिले दोन महिने एकेका गोळीत चार औषधं, पुढचे चार महिने तीन. रुग्ण पाण्याबरोबर गोळ्या गिळतो, दोन शब्द बोलतो. मग ताई कार्डावर खूण करतात.

“लघवी लाल होते ना दादा? घाबरू नको, औषधाचाच रंग आहे तो.”

धीर देता देता तपासणीही होते. गोळीतलं रिफाम्पिसिन पोटात गेलं की लघवीला तांबूस रंग येतो. ताईंना सुट्टी असते त्या दिवशीचा डोस चुकला असेल, तर तो असा कळू शकतो.

रुग्णानं घरी राहून नीट औषध घेतलं तरी तो सॅनेटोरियममधल्या रुग्णाइतकाच बरा होतो, हे १९५९ साली मद्रासच्या अभ्यासानं दाखवलं. देखरेखीखालच्या उपचारांचे प्रयोग भारतात १९९३ला सुरू झाले आणि मार्च २००६पर्यंत हे उपचार देशभर पोचले. तेव्हा आठवड्यातून तीनदा डोस असे आणि पूर्ण उपचाराचा खोका रुग्णाच्या नावानं आधीच बाजूला काढलेला असे. २०१७पासून डोस रोजचा झाला. मग देखरेख करणारा माणूसही रोज भेटणारा हवा. घरातलं कुणी, शेजारी किंवा आशाताई.

खरी कसोटी दुसऱ्या महिन्यात लागते. खोकला थांबतो, अंगावर मांस चढतं आणि “आता बरं वाटतंय, गोळ्या कशाला?” सुरू होतं. जंतू मात्र संपलेले नसतात. औषध अर्धवट सुटलं, तर उरलेले जंतू त्या औषधाला दाद देईनासे होण्याचा धोका असतो. ताई वाद घालत नाहीत. “बेडका तपासून येऊ, मग बोलू,” म्हणतात.

दिवाळीनंतर अर्धा पाडा भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर जातो. निक्षय या संगणकीय नोंदीतून रुग्ण तिथल्या केंद्राकडे वर्ग करता येतो, सोबत गोळ्याही देता येतात. पण भट्टीवर उजाडायच्या आत काम सुरू होतं आणि आजार कळला तर मजुरी जाईल, ही भीती असते. तिथे गोळी समोर घ्यायला लावणारं माणूस नव्यानं शोधावं लागतं. ते मिळेपर्यंत ताईंचा फोन जातो. देखरेखीखालच्या उपचारांचा हा कार्यक्रम देशभर पोचायला तेरा वर्षं लागली. पाड्यावरून भट्टीपर्यंत त्याला दर हंगामात पुन्हा पोचावं लागतं.