बोधगयेस प्रथमच जाणाऱ्या वऱ्हाडातील उपासकांसाठी

महापरिनिब्बान सुत्तात तथागतांनी श्रद्धावंतांस दर्शनीय अशी चार स्थळे सांगितली आहेत. ती म्हणजे आजची लुंबिनी, बोधगया, सारनाथ व कुशीनगर होत. अमरावती-अकोला भागातून तेथे जाणाऱ्यांत अनेक ज्येष्ठ उपासक-उपासिका अशा असतात, की ज्यांनी नागपूरची दीक्षाभूमी व मुंबईची चैत्यभूमी यांपलीकडे प्रवास केलेला नसतो. मजुरीतून बाजूला ठेवलेल्या पैशांवर ही यात्रा बहुधा एकदाच घडते.

अकोला व बडनेरा मुंबई-हावडा मार्गावर असली, तरी तो मार्ग नागपूरवरून रायपूरकडे वळतो. गयेच्या गाड्या इटारसी, जबलपूर, प्रयागराज या वाटेने जातात. त्यामुळे भुसावळ किंवा इटारसी येथे बहुधा गाडी बदलावी लागते. डिसेंबर-जानेवारीत गंगेच्या मैदानात दाट धुके पडते व गाड्या कित्येक तास रखडतात. आपल्याकडील थंडीच्या हिशेबाने नेलेली एक शाल तेथे पुरत नाही. भाद्रपद वद्य पक्षात गयेस पिंडदानासाठी देशभरातून लोक लोटतात, म्हणून तो पंधरवडा टाळावा. फेब्रुवारी महिना सर्वांत सोयीचा.

भाषेचे भय बाळगू नये. गयेकडे मगही, काशी-गोरखपूरकडे भोजपुरी बोलतात. पण आपली मोडकी हिंदी सर्वत्र समजते. ज्या ‘भैया’ शब्दास आपल्याकडे हिणवण्याचा वास येतो, तो तेथे थोरल्या भावाचा शब्द आहे. तो त्याच आदराने उच्चारावा. जेवणात भात अधिक, ज्वारीची भाकर दुर्मीळ आणि फोडणी मोहरीच्या तेलाची. ज्येष्ठांसाठी दोन दिवसांच्या दशम्या सोबत असाव्यात. सातव्या शतकातील ह्युएन त्संगानेही प्रदेशागणिक बदलणारे हवामान, भाषा व लोकस्वभाव टिपून ठेवले होते. त्यात महाराष्ट्राचीही नोंद आहे.

महाबोधी महाविहारात ७ जुलै २०१३ च्या बॉम्बस्फोटांनंतर भ्रमणध्वनी आत नेण्यास मनाई झाली. तो बाहेर ठेवावा लागतो, आणि नेमकी येथेच म्हातारी माणसे चुकतात. भाच्याचा किंवा सुनेचा क्रमांक कोणालाच पाठ नसतो! म्हणून निवासस्थानाचे नाव व दोन दूरध्वनी क्रमांक हिंदीत लिहिलेली चिठ्ठी प्रत्येकाच्या खिशात किंवा पदराच्या गाठीत असावी, आणि चुकामूक झाल्यास कोठे थांबायचे ते आत शिरण्यापूर्वीच ठरवावे.

आत नाना परंपरांचे बौद्ध दिसतील. तिबेटी भिक्खू लोटांगणे घालतात. ब्रह्मी उपासक ‘स’चा उच्चार ‘थ’सारखा करतात, म्हणून त्यांचे त्रिसरण प्रथम ओळखू येत नाही. हिंदू भाविकही येतात. १९४९ च्या कायद्यानुसार व्यवस्थापन समितीत बौद्ध व हिंदू असे दोन्ही सदस्य असतात. त्याविषयी मत असणे साहजिक आहे. मात्र शेजारी हात जोडून उभ्या असलेल्या अनोळखी माणसाशी तो वाद घालू नये.

सारनाथचे संग्रहालय शुक्रवारी बंद असते. सिंहशीर्ष तेथेच आहे. लुंबिनी नेपाळात असल्याने सोनौलीच्या सीमेवर मतदार ओळखपत्र किंवा पारपत्र जवळ असावे, केवळ आधारपत्रावर विसंबू नये.

सहलीचे पैसे भरण्यापूर्वी आयोजकास एवढे अवश्य विचारावे, की बोधगयेत मुक्काम किती रात्रींचा? एकाच रात्रीचा असेल, तर दुसरा आयोजक शोधावा. दुसऱ्या दिवशी पहाटे, गर्दी जमण्यापूर्वी, बोधिवृक्षाखाली तासभर बसता येते.