पांढरा कोट नको, गोतावळा हवा!

गडचिरोली जिल्ह्यातल्या हेमलकशात डॉक्टर शोधायचा तर पांढरा कोट शोधू नका. डॉ. प्रकाश आमटे बनियन आणि अर्ध्या चड्डीत दिसतील. समोरच्या माडिया आदिवासींच्या अंगावर धड कापड नाही आणि आपण कडक इस्त्रीत, हे त्यांना पटेना. २३ डिसेंबर १९७३ रोजी लोक बिरादरी प्रकल्प सुरू झाला, तेव्हा झाडाखालची सावली हाच दवाखाना. डॉ. मंदाकिनीताई शिकल्या होत्या भूल द्यायला, वाट्याला आली बाळंतपणं! त्याआधी माडिया बोली शिकणं आलंच. बाईचं दुखणं दुभाष्याच्या तोंडून ऐकलं की निम्मं वाटेतच सांडतं. आज त्याच दवाखान्यात त्यांच्या सूनबाई डॉ. अनघा स्त्रीरोगतज्ज्ञ आहेत.

तिकडे गडचिरोलीजवळ शोधग्रामात डॉ. राणी आणि अभय बंग यांनी लोकांनाच विचारलं, दवाखान्यात का येत नाही? उत्तरं ऐकण्यासारखी होती. इमारतीची भीती वाटते. पांढरं कापड तर मढ्यावर घालतात, ते नेसलेल्या नर्सकडे कोण जाईल? शिवाय नातेवाइकांना बाहेर काढतात. मग दवाखाना बांधला तो गावासारखा, झोपड्यांचा, सोबतच्यांना राहता येईल असा. नाव दिलं माँ दंतेश्वरीचं. देवीच्या घरी जायला कसली भीती?

बाया बोलत नाहीत, ही डॉक्टरांची लाडकी तक्रार. बंगांच्या पाहणीत वसा आणि अमिर्झा या दोन गावांतल्या ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग निघाले. त्याआधी तपासणी झालेल्या होत्या जेमतेम ८ टक्के. १९८९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने ते छापलं. विचारलंच नव्हतं, तर बोलणार कशा?

बाया एकत्र बसल्या की मात्र बोलतात, आणि अशा बैठका माडियांना नव्या नाहीत. पाळीच्या दिवसांत कुर्माघर नावाच्या वेगळ्या झोपडीत राहायची रीत आहे. ती जाचक आहे, यात शंका नाही. पण जी सलग दोन महिने तिथे फिरकली नाही, तिची बातमी गावाला कळायला सोनोग्राफी लागत नसावी.

अमेरिकेत बायांच्या अशाच बैठकीची रीतसर पद्धत झाली. शॅरन रायझिंग या सुईण-परिचारिकेने १९९०च्या दशकात एकाच सुमारास दिवस भरणाऱ्या आठ-दहा जणींना गोलात बसवलं. वजन-रक्तदाब त्यांनी स्वतः मोजायचे आणि दोन तास गप्पा मारायच्या. अर्कान्सासमध्ये राहणाऱ्या, मूळच्या मार्शल बेटांवरच्या स्त्रियांसाठी हीच पद्धत त्यांच्या चालीरीतींप्रमाणे बेतली गेली. झारखंड-ओडिशात 'एकजूट' या संस्थेने चित्रं आणि खेळ घेऊन गावोगावी बायकांच्या सभा भरवल्या, तर तिथले नवजात बाळांचे मृत्यू घटले.

हेमलकसा ज्या तालुक्यात आहे, त्या भामरागडची अडचण वेगळीच. पर्लकोटा नदीला पूर आला की पूल पाण्याखाली, मग कसली रुग्णवाहिका! म्हणून आदिवासी भागात 'माहेरघर' आहे. दिवस भरत आले की आरोग्य केंद्राशेजारी मुक्कामाला यायचं. धाकटं पोर कडेवर चालतं, सोबतीला घरची बाई चालते आणि बुडालेल्या मजुरीची भरपाईही मिळते.

आणि जेवण? २०१५ पासूनच्या 'अमृत आहार' योजनेत गरोदर बायांना अंगणवाडीत एक वेळचं गरम जेवण मिळतं: भाकरी किंवा पोळी, भात, डाळ, भाजी, शेंगदाण्याचा लाडू, वर अंडं किंवा केळं. जेवायचं तिथेच बसून. डबा घरी गेला की त्यात सगळ्यांचे हात पडतात, आणि अंडं हमखास दुसऱ्याच कुणाच्या ताटात जातं!