मापाची वंशावळ

वाण्याच्या तराजूतील वजनावर सरकारी शिक्का असतो, हे आपणा सर्वांस ठाऊक आहे. तो शिक्का उमटविण्यापूर्वी ते वजन खात्यातील प्रमाण वजनाशी ताडून पाहिलेले असते. घेणाऱ्याचा आणि देणाऱ्याचा एकमेकांवर विश्वास नसला तरी दोघांचाही त्या शिक्क्यावर असतो, आणि बाजार चालतो. कारखान्यातही हाच प्रकार. फक्त तेथे मामला तोळ्या-माशांचा नसून मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या हिश्श्याचा असतो.

समजा, एक दांडा एका गावी कातला गेला आणि ज्या बेअरिंगमध्ये तो बसवायचा ते दुसऱ्या गावी तयार झाले. १०० मिलिमीटर व्यासाच्या अशा दांड्यास पुष्कळदा वीस-बावीस मायक्रॉनचीच सूट असते. दोन्ही कारागिरांची कधी गाठ पडत नाही, तरी जुळणीच्या वेळी कानस न लावता दोन्ही भाग बसतात, ते कसे? टर्नरच्या हातातील मायक्रोमीटर कारखान्याच्या स्लिप गेजांशी ताडलेला असतो, ती गेजे एखाद्या मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतील गेजांशी, आणि ती दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेतील प्रमाणाशी. तेथून आपण थेट मीटरच्या व्याख्येपाशी पोहोचतो. १९८३ पासून, निर्वात पोकळीत प्रकाश एका सेकंदाच्या २९,९७,९२,४५८ व्या हिश्श्यात जेवढे अंतर कापतो, तेवढा मीटर मानला जातो. मात्र या वंशावळीच्या प्रत्येक पायरीवर, येथे इतक्या मायक्रॉनची शंका शिल्लक आहे, अशी नोंद हवी. ती नसलेले प्रमाणपत्र म्हणजे नुसता कागद.

ही स्लिप गेजे म्हणजे आरशासारखे गुळगुळीत पोलादी ठोकळे. ते एकमेकांवर घासून सरकवले की चिकटून बसतात. स्वीडनमधील एस्किल्स्तुना येथील बंदुकीच्या कारखान्यात काम करणाऱ्या कार्ल एडवर्ड योहान्सन यांस ही युक्ती १८९६ साली सुचली. त्यांच्या १०२ ठोकळ्यांच्या संचातून सुमारे वीस हजार निरनिराळी मापे जुळवता येत!

पण पोलाद उन्हाने फुगते. म्हणून कारखानदारीतील लांबीचे माप २० अंश तपमानाचे समजावे, असे १९३१ साली आंतरराष्ट्रीय पातळीवर ठरले. आपल्याकडे वैशाखात शेडमधील पारा सहज ३५ वर जातो. तेवढ्याने १०० मिलिमीटरचा पोलादी दांडा सुमारे १७ मायक्रॉनने वाढतो, म्हणजे बहुतेक सारी सूट उन्हानेच खाऊन टाकली! गेजही पोलादाचे आणि तितकेच तापलेले असेल तर हा दोष आपोआप फिटतो. परंतु माल ॲल्युमिनियमचा असेल तर तो जवळजवळ दुप्पट फुगतो, आणि मग हिशेब चुकतो.

आता एक मोठे उदाहरण घेऊ. हबल दुर्बीण २४ एप्रिल १९९० रोजी अमेरिकेने अवकाशात सोडली. तिचा आरसा २.४ मीटर व्यासाचा आणि विलक्षण गुळगुळीत. तरी चित्रे अंधुक आली. चौकशीत आढळले की, आरसा घासताना ज्या उपकरणाने त्याचा आकार तपासला जात होता, त्यातील एक भिंग १.३ मिलिमीटरने सरकलेले होते. भिंगाची जागा ठरविणारी मापपट्टी बिनचूक होती. परंतु तिच्या टोकावरील टोपणाचा काळा रंग एका ठिकाणी उडालेला होता, आणि प्रकाशकिरण टोकाऐवजी त्या टोपणावरून परतला. पट्टीची वंशावळ निर्दोष, पण तिचे माप भिंगाला देताना शेवटचा दुवा निखळला. परिणामी आरशाची कडा सुमारे दोन मायक्रॉनने अधिक सपाट घासली गेली. याहून खेदाची गोष्ट अशी की, दुसऱ्या दोन साध्या उपकरणांनी दोष दाखविला होता. ती कमी अचूक म्हणून त्यांचे कोणी ऐकले नाही. डिसेंबर १९९३ मध्ये अंतराळवीरांना वर जाऊन त्या दुर्बिणीला एक प्रकारचा चष्मा घालावा लागला.

आपल्या लहान कारखान्यांतून असा चष्मा कोण आणणार? तेथे नाकारलेला माल गाडी भरून परत येतो, आणि भाडेही आपल्याच माथी बसते. म्हणून मायक्रोमीटर फरशीवर पडला, तर प्रमाणपत्राची मुदत सहा महिने शिल्लक असली तरी तो त्याच पाळीत स्लिप गेजवर लावून पाहावा, आणि शेवटची तपासणी झाल्यापासून त्याने मोजलेला माल बाजूला काढून ठेवावा.