तापात मेंदूवर उमटणारा ठिपका

पावसाळा सरता सरता नागपुरात, महालासारख्या जुन्या दाट वस्तीतही, डेंग्यूची धास्ती असते. अशा तापात क्वचित एखादे आजोबा असंबद्ध बोलू लागतात आणि एमआरआयमध्ये मेंदूच्या मध्यभागी पांढरा ठिपका दिसतो. घरच्यांचा धीर सुटतो. परंतु असा प्रत्येक ठिपका कायमचा नसतो.

मेंदूच्या दोन्ही गोलार्धांना जोडणाऱ्या तंतुसेतूचा मागील भाग विषाणुसंसर्गात कधी कधी तात्पुरता सुजतो. जपानी डॉक्टरांनी २००४ मध्ये या विकाराला स्वतंत्र नाव दिले. तो मुलांत अधिक, प्रौढांत कमी आढळतो. बहुतेक रुग्ण बरे होतात आणि ठिपका काही दिवसांत किंवा आठवड्यांत विरतो.

तरीही निदान घरी करू नये. रक्तातील साखर वा सोडियम घटल्यास, अपस्माराची गोळी अचानक थांबवल्यासही असा ठिपका उमटू शकतो. वृद्धांत पक्षाघाताची शंका तर आधी दूर करावी लागते. म्हणून भ्रम, गुंगी, झटका किंवा बोलण्यात अडखळ दिसताच रुग्णालय गाठावे. ताप केव्हा आला, कोणत्या गोळ्या चालू आहेत, हे लिहून न्यावे. डॉक्टरांनी पुन्हा एमआरआय सुचवल्यास टाळू नये. ठिपका विरल्याची खात्री त्यातूनच होते.