नळी नेमकी कुठे तापते?

मेकॅनिकल मॉड या प्रकारची ई-सिगारेट उघडली तर आत बघण्यासारखं फारसं काही नसतं. तांब्याची, पितळेची किंवा स्टेनलेस स्टीलची जाड नळी, तिच्यात एक लिथियम-आयन सेल, बुडाशी दाबायचं बटण आणि डोक्यावर आट्यांनी बसवलेला, वाफ करणारा ॲटोमायझर. त्यात तारेची छोटी कॉइल, कॉइलमध्ये ओवलेला कापूस आणि कापसात मुरलेला द्रव. चिप नाही, आकडे दाखवणारा पडदा नाही, साधी वायरही नाही, कारण वायरचं काम नळीच करते. सेलच्या एका टोकापासून निघालेला करंट कॉइलमधून फिरतो आणि हातात धरलेल्या धातूतून, बटणातून परत येतो. चार-पाच झुरके झाले की ही नळी कोमट लागते. कोमट लागणं ठीक. खरा प्रश्न असतो तो कुठे कोमट लागते हा.

करंट वाहिला की उष्णता निर्माण होते आणि ती करंटच्या वर्गाच्या आणि रोधाच्या प्रमाणात असते. मँचेस्टरजवळच्या सॅलफर्डमध्ये बिअर बनवणाऱ्या घराण्यातला जेम्स ज्यूल याने १८४१ मध्ये हे मांडलं आणि आज दहावीची मुलं ते पाठ करतात. कॉइल तापते ती याच नियमाने. पण नियम कॉइलपुरता थांबत नाही. वाटेत जिथे जिथे रोध आहे, तिथे तिथे तो आपला वाटा वसूल करतो.

हिशोब मांडून पाहू. पूर्ण चार्ज झालेला सेल ४.२ व्होल्टचा, कॉइल ०.२ ओहमची. सेलच्या पोटातला स्वतःचा रोध ०.०२५ ओहम धरू आणि बटण, आटे, पिना यांचा मिळून ०.०१५. एकूण ०.२४ ओहम, म्हणजे करंट साडेसतरा अँपिअर. घरात भिंतीवरच्या साध्या प्लगमधून एवढा करंट कधी जात नाही. इथे तो अंगठ्याएवढ्या बटणातून जातो! त्यातून कॉइलला साधारण ६१ वॉट मिळतात, सेल आतल्या आत साडेसात-पावणेआठ वॉट खातो आणि सांधे साडेचार वॉट. म्हणजे सगळं स्वच्छ, नीट घट्ट बसवलेलं असतानाही जवळपास सहावा हिस्सा कॉइलपर्यंत पोहोचतच नाही.

आता याच मॉडच्या बटणावर थोडी काजळी चढू द्या. बटण दाबताना आणि सोडताना धातूचे दोन तुकडे जवळ येतात तेव्हा बारीक ठिणगी उडते. आठवड्याभराने बटण उघडून पाहिलं तर आतल्या पिनेच्या टोकावर काळा ठिपका दिसतो, मोहरीएवढा. आट्यांमध्ये बोटांचा घाम आणि वरून झिरपलेला चिकट द्रव साचलेला असतो. गिझरचा सैल प्लग तापून काळा पडतो, तीच ही गोष्ट. सांध्यांचा रोध ०.०१५ वरून ०.०५ झाला, तर करंट सव्वापंधरा अँपिअरवर येतो, कॉइलला जेमतेम ४७ वॉट मिळतात आणि सांध्यांवर मात्र पावणेबारा वॉट जळतात. वाफ कमी, बटण चटका देणारं. वापरणाऱ्याला वाटतं सेल उतरला. तो नवा सेल घालतो, आणि ताज्या सेलच्या जास्त व्होल्टेजने बटण आणखीच तापतं. इलाज साधा आहे: सेल काढून ठेवायचा, आटे आणि पिना पुसायच्या, काळा ठिपका बारीक पॉलिश पेपरने घासायचा.

शौकिनांमध्ये तांब्याच्या नळीचा फार बोलबाला असतो. स्टेनलेस स्टीलचा रोध तांब्याच्या सुमारे चाळीस पट, हे खरंच आहे. पण नळीची भिंत एक मिलिमीटर जाड आणि लांबी आठ-दहा सेंटिमीटर असेल तर स्टीलच्या नळीचाही रोध एक मिलिओहमच्या आसपासच भरतो. तेवढ्यात पाव वॉट जातो, फार तर थोडा जास्त. महागड्या धातूवर खर्च केलेले पैसे दिसण्यापुरते. फरक पडतो तो सांध्यांवर. शिवाय तांबं उष्णताही भराभर वाहून नेतं, त्यामुळे कॉइलची गरमी तळहातापर्यंत लवकर येते. स्टीलचं मॉड तेवढंच तापलेलं असून हाताला उशिरा कळतं.

नळी वरच्या टोकाला, ॲटोमायझरजवळ गरम असेल तर ती कॉइलची उष्णता. लागोपाठ झुरके घेतल्यावर ती येणारच. बुडाशी गरम असेल तर बटण. मधोमध गरम असेल तर मात्र तापतोय तो सेल, आणि तेव्हा मॉड बाजूला ठेवायलाच हवं. नळीवर जेवढं जाणवतं त्याहून सेलचा गाभा जास्त तापलेला असतो. फार तापला की आतल्या रासायनिक क्रिया स्वतःच उष्णता निर्माण करू लागतात आणि मग करंट बंद करूनही काही उपयोग होत नाही. चिप असलेली यंत्रं जास्त करंट किंवा शॉर्ट सर्किट ओळखून बंद पडतात, बटण काही सेकंदांपेक्षा जास्त दाबून ठेवलं तरी तोडतात. मेकॅनिकल मॉडला ओळखणारं कुणीच नसतं. म्हणून चांगल्या नळीला सेलमधला वायू बाहेर पडण्यासाठी भोकं आणि बटणाला लॉक असतं.

रोध कमी करण्याच्या हौसेपायी काही कारागिरांनी ॲटोमायझर आणि सेल यांच्यामधली पिनच काढून टाकली. या 'हायब्रीड' रचनेत ॲटोमायझर थेट सेलच्या धन टोकावर टेकतो. एक सांधा वाचला खरा, पण ॲटोमायझरची मधली पिन पुरेशी बाहेर आलेली नसेल तर भोवतालचे ऋण आटे त्याच टोकाला लागतात आणि सेल सरळ शॉर्ट होतो. थोड्याशा वाफेसाठी घेतलेली ही जोखीम काही पटण्यासारखी नाही.

अमेरिकेच्या अग्निशमन प्रशासनाने २००९ ते २०१६ या काळात तिथल्या प्रसारमाध्यमांत आलेल्या ई-सिगारेटच्या आगी आणि स्फोट मोजले, तेव्हा सर्व प्रकारची यंत्रं धरून आकडा १९५ भरला. त्यातल्या ६१ घटनांत यंत्र किंवा सुटा सेल खिशात होता. खिशात बटण दाबलं गेलं किंवा सुट्या सेलला किल्ल्या, नाणी लागली, तर असं घडायला वेळ लागत नाही.

भारतात २०१९ च्या कायद्याने ई-सिगारेटचं उत्पादन, आयात, विक्री, साठवणूक आणि जाहिरात यांवर बंदी आहे. साठवणूक सोडून बाकी बाबतींत पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. मॉड चोरूनच मिळतं, पण त्यातला सेल मात्र उघड विकला जातो: १८ मिलिमीटर व्यासाचा, ६५ मिलिमीटर लांबीचा, टॉर्चमध्ये आणि पॉवर बँकेत असतो तोच. त्याच्या वेष्टनावर कधी कधी ९९०० मिलिअँपिअर-तास असा आकडा छापलेला असतो. नामांकित कंपन्यांचे या मापाचे उत्तम सेलही याच्या निम्म्यापर्यंत जात नाहीत, आणि ज्याची क्षमताच खोटी छापली आहे, तो वीस अँपिअर सोसेल या छापील दाव्यावर भरवसा ठेवायला काहीच आधार उरत नाही.