पाण्याखाली मास्क ओढला तर नेमकं काय होतं?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी आजचा एपिसोड लिहून देतोय.

दिवाळी संपली की मालवण-तारकर्लीचे बेत सुरू होतात. आमच्या ग्रुपवर बेतासोबत एक रीलही आलं. पाण्याखाली एक जण मागून येऊन मित्राचा मास्क ओढतो, मित्र हातपाय झाडतो आणि खाली हसणाऱ्या इमोजींची रांग. मी पोटापाण्यासाठी कोड लिहितो, पण स्कूबाचा ओपन वॉटर कोर्सही केलाय. मला काही हसू आलं नाही. का, ते सांगतो.

शाळेतला बॉईलचा नियम आठवा. दाब दुप्पट झाला की हवेचं आकारमान निम्मं होतं. समुद्रात दर १० मीटरला साधारण एका वातावरणाएवढा दाब वाढतो, म्हणजे ५ मीटरवर दाब दीडपट. तिथे सिलिंडरमधून छातीभर हवा घेतली, समजा ६ लिटर, आणि श्वास रोखून वर आलात, तर त्याच हवेला वर ९ लिटर जागा लागते. फुप्फुसं तेवढी ताणली जात नाहीत, ती फाटू शकतात. मग हवेचे बुडबुडे रक्तात शिरून मेंदूपर्यंत जाऊ शकतात. म्हणून स्कूबाचा पहिला नियम: श्वास कधीच रोखायचा नाही.

‘पण आपण कुठे खोल जाणार?’ असं वाटेल. गंमत अशी की हवेच्या आकारमानातला सगळ्यात मोठा फरक वरच्या थरातच पडतो. छाती हवेने भरलेली असेल, तर मीटर-दीड मीटरचं अंतरही इजा करायला पुरतं.

आता प्रँककडे या. अचानक मास्क गेला की नाकात पाणी शिरतं. अंग आपोआप दोन गोष्टी करतं: श्वास रोखतं आणि वर पळतं. म्हणजे ज्या दोन गोष्टी करायच्या नाहीत, नेमक्या त्याच!

मजा म्हणजे कोर्समध्येही मास्क काढायला लावतात. पण आधी उथळ पाण्यात, सांगून, इन्स्ट्रक्टर समोर असताना. रेग्युलेटर तोंडातच असतो, तोंडाने श्वास चालू ठेवायचा, मास्क परत लावायचा, वरची कड दाबून नाकाने हवा सोडायची की पाणी बाहेर. हे अंगवळणी पडल्यावर किमान ४ डाइव्ह समुद्रासारख्या खुल्या पाण्यात होतात, तेव्हा कुठे १८ मीटरपर्यंत जायचं सर्टिफिकेट मिळतं. पर्यटक जी ‘ट्राय डाइव्ह’ करतात, त्यात यातलं फार थोडं शिकवलेलं असतं. म्हणूनच इन्स्ट्रक्टर तुम्हाला धरून असतो. अशा माणसाची मस्करी म्हणजे पोहता न येणाऱ्याला विहिरीत ढकलणं.

सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद करण्याची ‘गंमत’ तर आणखी वाईट. नळीत उरलेल्या हवेवर काही श्वास नीट येतात आणि मग एकदम काहीच येत नाही. म्हणून पाण्यात उतरण्याआधी गेजकडे बघत ३-४ श्वास घ्या. काटा हलला, तर लगेच सांगा.

बुकिंग करताना एवढं विचारा:

• तब्येतीचा फॉर्म भरून घेता का? दमा, हृदयविकार लपवू नका.
• उथळ पाण्यात आधी सराव देता का?
• एका इन्स्ट्रक्टरकडे किती जण? त्याचं सर्टिफिकेट दाखवाल का?

आणखी दोन गोष्टी. पाण्याखाली अंगठा वर म्हणजे ‘मस्त’ नाही, ‘वर चला’. सगळं ठीक असेल तर अंगठा आणि तर्जनीचा गोल करा. आणि डाइव्हनंतर थेट मोपाला जाऊन विमान पकडू नका. एका डाइव्हनंतरही किमान १२ तास थांबा.

ग्रुपमधला ‘प्रँकवाला’ कोण, हे प्रत्येकाला माहीत असतं. हा एपिसोड त्याला होडीत बसण्याआधी पाठवा. भेटू पुढच्या भागात!