रोमची चिल्लर, तेरची पांढर

सोन्याच्या नाण्याला त्याचे कूळ विचारावे लागत नाही. ते वितळवले तरी त्याची किंमत उरते. तांब्या-काशाच्या नाण्याचे तसे नाही. ते एकदा मोडीत गेले की तांबटाच्या काट्यावर त्याचे चार-दोन रुपयेसुद्धा होत नाहीत. त्याची खरी किंमत धातूत नसतेच. ते कोणी पाडले, कुठवर फिरले आणि कोणत्या गावच्या मातीत सापडले, यात ती असते.

आयुष्यभर बँकेत दुसऱ्यांचे पैसे मोजल्यावर माणसाने पुन्हा नाण्यांचाच नाद लावून घ्यावा, याचे घरच्यांना नवल वाटते. त्यातही माझ्याकडची नाणी प्राचीन रोमची, आणि तीही काशाची. पाहुणा डबी उघडून बघतो आणि विचारतो, ‘‘सोन्याचे एकही नाही?’’ नाही. सोन्याचा ‘ऑरियस’ व्यापाऱ्याच्या आणि सरदाराच्या थैलीतला. एका ऑरियसचे पंचवीस चांदीचे ‘दिनार’, एका दिनाराचे चार पितळी ‘सेस्टर्स’ आणि एका सेस्टर्सचे चार तांब्याचे ‘अ‍ॅस’ असा सम्राट ऑगस्टसच्या काळचा हिशेब होता. पाव, भाजी, स्वस्तातली दारू, हमामाचे शुल्क हे सगळे या खालच्या खुर्द्यात चाले. सामान्य माणसाचा हात ज्या नाण्याला लागला, ते हे नाणे.

चौथ्या-पाचव्या शतकातली रोमन चिल्लर तर शर्टाच्या गुंडीएवढी. ती इतक्या अफाट संख्येने पाडली गेली, की दीड हजार वर्षांनंतरही युरोपच्या बाजारात ती तुलनेने स्वस्त मिळते. एका बाजूला सम्राटाचे मुंडके. दुसऱ्या बाजूला निशाणाशेजारी उभे दोन शिपाई, नाहीतर घोड्यावरून कोसळणाऱ्या शत्रूला भाल्याने भोसकणारा सैनिक. तळाच्या रेघेखाली टाकसाळीची बारीक अक्षरे असतात. त्यावरून नाणे अँटिऑकचे, अलेक्झांड्रियाचे की कॉन्स्टँटिनोपलचे ते कळते. ही रीत आपल्याकडेही आहे. खिशातले नाणे काढा आणि सालाच्या आकड्याखाली बघा. चांदणी असेल तर हैदराबादची टाकसाळ, चौकट असेल तर मुंबईची, नुसता ठिपका असेल तर नोएडाची, आणि काहीच नसेल तर कोलकात्याची. मुलांना हा खेळ एकदा लावून दिला, की घरातला सगळा खुर्दा टेबलावर येतो.

एक धोक्याची सूचना गृहिणींना. देवाची तांब्याची भांडी चिंचेने लखलखीत होतात म्हणून जुने नाणे चिंचेने किंवा लिंबाने घासू नये. त्यावर चढलेला हिरवा-तपकिरी थर हेच त्याचे चिलखत असते. आम्लाने तो जातो आणि त्याबरोबर अक्षरेही जातात. डिस्टिल्ड वॉटरमध्ये आठवडेच्या आठवडे भिजत ठेवावे, पाणी बदलत राहावे आणि मऊ ब्रशने माती सोडवावी. फिकट हिरवी भुकटी सुटू लागली तर ते नाण्याला लागलेले दुखणे समजावे. असे नाणे इतरांपासून वेगळे आणि अगदी कोरडे ठेवावे.

आता कोणी म्हणेल, बीडच्या माणसाला रोमचे काय? पण हे नाते फार जुने आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात इजिप्तमधल्या एका ग्रीक बोलणाऱ्या व्यापाऱ्याने ‘पेरिप्लस’ नावाची समुद्रव्यापाराची माहितीपुस्तिका लिहिली. त्यात तो सांगतो, की भडोच बंदरापासून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आहे आणि तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर हे मोठे नगर आहे. पैठणहून अकीकासारखे दगड आणि तगरहून भरपूर कापड, रस्ता नसलेल्या मुलखातून गाड्यांवर लादून भडोचला जाते. तगर म्हणजे धाराशिव जिल्ह्यातले तेरणाकाठचे तेर, हे जे. एफ. फ्लीट यांनी 1901 मध्ये मांडले आणि पुढे ते मान्य झाले. नकाशावर पैठण आणि तेर पट्टीने जोडून पाहा. दिशा पूर्वेपेक्षा आग्नेयेची निघते, अंतर दीडशे किलोमीटरच्या आसपास भरते आणि रेघ जवळजवळ मध्यावर बीड शहराला चाटून जाते. दहा दिवसांत दीडशे किलोमीटर म्हणजे रोजचे पंधरा. बैलगाडीचा हिशेब बरोबर जुळतो. त्या गाड्या नेमक्या कोणत्या वाटेने गेल्या याची खूण मजजवळ नाही, पण बीडचा मुलूख टाळून जायचे तर त्यांना बराच वळसा पडला असता.

त्याच पुस्तिकेतले एक वाक्य वाचून माझ्यातला बँकवाला खूश झाला. भडोचला सोन्या-चांदीची रोमन नाणी आणली आणि स्थानिक चलनात बदलली, तर नफा होतो, असे तो व्यापारी लिहितो. परकीय चलनाचा हा व्यवहार आमच्या मराठवाड्याला काही नवा नव्हे. निजामाचा हाली सिक्का आणि इंग्रजांचा कलदार यांचा भाव साधारण सात हालीला सहा कलदार असा असे, आणि सरहद्दीवरचे सावकार त्यातच हात धुऊन घेत. हाली 1959 मध्ये कायमचा बंद झाला, तरी म्हाताऱ्यांच्या तोंडी तो कितीतरी वर्षे होता.

नफा सोन्या-चांदीत, म्हणून व्यापारी आणणार सोने-चांदी. खुर्दा कोण कशाला समुद्रापार नेईल? शिवाय इथला खुर्दा सातवाहनांचा होता आणि तो मुख्यतः शिशाचा, पोटिन या मिश्रधातूचा आणि तांब्याचा होता. तांबे, कथील आणि शिसे ही भडोचला उतरणाऱ्या मालाच्या यादीत आहेत. म्हणजे रोमन जगातला धातू इथे येऊन आपल्या राजाचा शिक्का घेत असेल, असे मानायला जागा आहे.

रोमन नाण्याची नक्कल मात्र आपल्याकडे हौसेने झाली. तेरला, तेलंगणातल्या कोंडापूरला रोमन नाण्यांवरून घडवलेली मातीची पदके मिळाली आहेत. गळ्यात ओवता यावे म्हणून त्यांना भोक किंवा कडी. आपल्या आज्यांच्या पुतळ्यांच्या माळेत व्हेनिसच्या मोहरांचा घाट असे, तशीच ही हौस. ज्यांना सोने परवडत नव्हते त्यांनी मातीचे घातले.

हे सगळे आपल्याला कळले ते जागा माहीत असल्यामुळे. 1938 मध्ये इटलीतल्या पाँपेईत एक हस्तिदंती भारतीय स्त्रीमूर्ती सापडली. पाँपेई इसवी सन 79 मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले, म्हणजे मूर्ती त्याआधीची हे निश्चित झाले. तिच्याशी जुळणारी मूर्ती तेरलाही मिळाली आहे. दोन्ही मूर्ती गाव न सांगता एखाद्या दुकानाच्या कपाटात आल्या असत्या, तर सुंदर दिसल्या असत्या, पण बोलल्या काहीच नसत्या.

म्हणून मला दोन संग्राहक मोठे वाटतात. एक तेरचे व्यापारी रामलिंगप्पा लामतुरे. पांढरीवर पावसाने उघडी पडलेली, नांगराला लागलेली वस्तू त्यांनी वर्षानुवर्षे गोळा केली. तिथल्या शासकीय संग्रहालयाला आज त्यांचे नाव आहे. तेरच्या वस्तू तेरलाच राहिल्या, हे त्यांचे मोठे काम. दुसरे तामिळ दैनिक ‘दिनमलर’चे संपादक राहिलेले आर. कृष्णमूर्ती. करूर आणि मदुरा भागात मिळणारी उत्तरकालीन रोमन तांब्याची चिल्लर त्यांनी जमवली, वाचली आणि 1994 मध्ये त्यावर गावांच्या नावांसह पुस्तक काढले. सराफाला नको असलेल्या त्या तुकड्यांमुळे तिथल्या इतिहासाला एक पान जोडले गेले.

आमच्याकडे पांढरीची माती पूर्वी घराच्या धाब्यावर टाकायला नेत. आता यंत्र लागते आणि ट्रॉलीच्या ट्रॉली शेतात जातात. मातीतून शिशाची चकती निघाली तर पोर खेळते, तांब्याची निघाली तर भंगारात जाते. कायदा आहे. 1878 च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जमिनीत सापडलेल्या दहा रुपयांहून अधिक किमतीच्या ठेव्याची खबर कलेक्टरला द्यावी लागते. 1972 च्या कायद्याने पुरावस्तूंच्या व्यापाराला परवाना लागतो आणि खासगी व्यक्तीला त्या देशाबाहेर नेता येत नाहीत. पण मातीतले नाणे पहिल्यांदा कलेक्टरला दिसत नाही. ते दिसते शेतकऱ्याला, ट्रॅक्टरवाल्याला आणि ढिगाऱ्यावर खेळणाऱ्या पोराला.

त्यांच्यापर्यंत एवढे पोचावे. सापडले तर घासू नका, विकू नका. एका कागदावर गाव, शेत, किती खोल आणि सोबत काय होते, ते लिहा. नाणे तहसील कचेरीत किंवा जवळच्या संग्रहालयात दाखवा. माझ्या डबीतल्या रोमन नाण्यांना सम्राट आहेत, टाकसाळी आहेत, पण ती कोणत्या मातीतून निघाली ते कोणालाच ठाऊक नाही. आपल्या पांढरीतल्या शिशाच्या चकतीला निदान तिचे गाव तरी राहू द्यावे.